एक काळं बटण

पिशवी मी टेबलावर उलटी केली, आणि तीन पांढऱ्या बटणांमागून एक काळं बटण घरंगळत आलं. टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, तिथे गिरकी घेतली आणि आडवं झालं. मी पिशवी पुन्हा झटकली. आत आणखी काय असणार होतं? चार जणांनी मतं दिली होती, चार बटणं निघाली होती. गेली अकरा वर्षं मी या सोसायटीची अध्यक्ष आहे, चारपर्यंत मोजता येतं मला. तरी मी दोनदा मोजली.

अर्ज माझ्या मुलीचा होता.

बटणांचं हे प्रकरण आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई बटणावरून एवढी काय हादरली. आमच्या इमारतीत घर असं विकत घेता येत नाही. सगळी इमारत सोसायटीच्या मालकीची. आपण घ्यायचे ते सोसायटीचे भाग, म्हणजे शेअर, आणि त्या भागांच्या जोरावर अमुक एका घरात राहायचा हक्क मिळतो. त्यामुळे कोणी सोडून निघालं तर त्याच्या जागी कोण येणार हे कमिटी ठरवते. अर्जदाराला खालच्या सभेच्या खोलीत बोलावतो, चार प्रश्न विचारतो, बाहेरच्या बाकावर बसवतो आणि मत घेतो. मत घ्यायची ही रीत आमच्या पहिल्या अध्यक्षांची. ते शिंपी होते. प्रत्येकाच्या हातात एक पांढरं आणि एक काळं बटण द्यायचं. मग दोन कापडी पिशव्या फिरतात. एकीत मत टाकायचं, दुसरीत उरलेलं बटण. मूठ मिटूनच हात आत घालायचा. एक जरी काळं निघालं तरी अर्ज नामंजूर. शिंपीकाका म्हणायचे, चोवीस घरांना जिना एकच आहे, एकालाही नको असलेला माणूस सगळ्यांच्या गळ्यात कशाला मारायचा?

त्यात मी दोन नियमांची भर घातली. कोणी काळं टाकलं ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही, हा एक. आणि घरच्या माणसाचा अर्ज असेल तर त्या सदस्याने मत द्यायचं नाही, हा दुसरा. नियम लिहिले तेव्हा मला माझंच फार कौतुक वाटलं होतं. मी स्वतः अकरा वर्षांत सहा काळी बटणं टाकली आहेत. एका माणसाला तर मी केवळ तो जिन्यात माझं वाक्य तोडून बोलला म्हणून घरी पाठवलं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. छान चाललं होतं.

आता घराचं. आमच्या बरोबर खालचं, तिसऱ्या मजल्यावरचं घर रिकामं होणार हे मला इमारतीत सगळ्यांच्या आधी कळलं. तिथल्या काकू भावाकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांनी तोंडातून शब्द काढला आणि त्याच दुपारी मी मोजपट्टी घेऊन त्यांच्या घरात. माझी एकुलती एक मुलगी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. दोन बस बदलून दीड तास. नात आठ वर्षांची झाली, आणि मला ती महिन्यातून दोनदा दिसते, तीही पाहुण्यासारखी सोफ्याच्या टोकावर बसलेली. या घराने सगळंच सुटणार होतं. कमिटीची बैठक व्हायच्या आधीच मी रंग ठरवला होता, फिकट पिवळा. नातीच्या पलंगाची जागा ठरवली होती, मुलीला बरोबर नेऊन पडद्यांचं कापडही आणलं होतं. आमच्या गॅलरीतून टोपली खाली सोडली की गरम जेवण थेट त्यांच्या गॅलरीत उतरेल, हे दोरी बांधून, रिकामी टोपली सोडून करूनही पाहिलं होतं. काकू बिचाऱ्या अजून तिथेच राहत होत्या. टोपली बघून दचकल्या.

मुलीला आम्ही गप्पू म्हणतो. लहानपणापासून गप्प, म्हणून गप्पू. शेजारपाजारच्या मुली आईला उलटून बोलायच्या, दारं आपटायच्या. आमच्या गप्पूने एकदाही ब्र काढला नाही. लोक मला विचारायचे, कसं हो वळण लावलंत? मी सांगायची, वळण लावावंच लागलं नाही. आता ती चाळिशीची आहे, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते, तिच्या हाताखाली सहा माणसं आहेत. पण माझ्यासमोर अजून तशीच.

अर्जाच्या कामात मात्र तिने फार वेंधळेपणा केला. एकदा फोटो विसरली, एकदा पगाराचा दाखला. शेवटी मीच दोन बस बदलून गेले आणि तिच्या कपाटातून सगळे कागद घेऊन आले. फॉर्म मीच भरला. तिने सही केली.

मुलाखतीला ती आणि जावई बसले होते. जावई चांगला आहे, बुटांकडे बघून बोलतो एवढंच. मत देणारे चौघे. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. पाचव्यावरचा विमावाला. पहिल्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई, ज्यांच्याशी माझं जिन्यातल्या कुंड्यांवरून चार वर्षं धुमसतंय. आणि तळमजल्यावरचे घड्याळकाका, ज्यांचं दुरुस्तीचं दुकान पुढे आणि घर मागे आहे. तिघांनी जुजबी विचारलं. गणिताच्या बाईंनी चष्म्यावरून गप्पूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःला इथे यायचंय ना?"

"हा काय प्रश्न झाला?" मी म्हटलं.

"मी त्यांना विचारलं."

"हो," गप्पू म्हणाली.

त्यानंतर ते दोघं बाहेर बाकावर गेले, पिशव्या फिरल्या, आणि काळं बटण निघालं.

निर्णय सांगायचं काम अध्यक्षाचं. दारापर्यंत सहा पावलं चालत गेले. तोंडातून कसेबसे तीन शब्द निघाले, "मंजूर नाही झाला." गप्पूने मान खाली घातली आणि "बरं" म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. तिचे खांदे हलत होते. माझं लेकरू रडतंय हे बघितलं, आणि त्याच मिनिटाला मी ठरवलं की ज्याने हे केलं त्याला मी शोधून काढणार. नियम गेला खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात डॉक्टरांपासून केली. ते माझा प्रश्न ऐकून तोंड उघडं टाकून बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना तसं बसवल्याचा परिणाम असेल. "अध्यक्षबाई, हे तुम्ही विचारताय?" म्हणाले. मी दातांच्या कण्या केल्या, दातांच्याच डॉक्टरांपुढे. शेवटी म्हणाले, "पांढरं टाकलं. आता निघा, आणि मी सांगितलं हे कोणाला सांगू नका." विमावाल्याने आधी मुलांची शपथ घेतली, मग बायकोची, मग आईची. या सगळ्यांचे विमे त्यानेच उतरवलेत, त्यामुळे शपथेला तो कचरत नाही, पण डोळ्यांत खोटेपणा दिसला नाही. घड्याळकाकांकडे मी गेलेच नाही. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे घरातल्या माणसावर घ्यायचा. मी नोकरीवरून येईपर्यंत गप्पू शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानात बसायची, तब्बल सात वर्षं. बाकी कोण राहिलं?

गणिताच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"काळं तुम्ही टाकलंत?"

"न विचारायचा नियम कोणाचा आहे?"

"माझा."

"मग पाळा," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुंड्यांचा सूड माझ्या मुलीवर काढला होता या बाईने! तो प्रश्नसुद्धा सगळ्यांच्या मनात शंका पेरायलाच विचारला होता. मी वर आले, जेवणसुद्धा केलं नाही, नोटीस लिहायला बसले. विशेष सभा. विषय एकच: कमिटीच्या एका सदस्याला पदावरून दूर करणे. बाई एकोणीस वर्षं कमिटीवर आहेत, टाकीच्या गळतीपासून लिफ्टच्या परवान्यापर्यंत सगळं त्यांना तोंडपाठ. पण हात वर करणारी माणसं माझ्याकडे होती. फोन करून मी आधीच तेरा घरांचा होकार घेतला होता. काचेच्या फळ्याची किल्ली माझ्याकडेच असते. नोटीस लावली, काच बंद केली, दोन पावलं मागे जाऊन वाचली. सरळ लागली होती.

अर्ध्या तासात घड्याळकाकांचा फोन. "वहिनी, जरा खाली येता का? आत्ता."

ते काउंटरमागे बसले होते. डोळ्याला लावायचं भिंग काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. समोर कोणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून पडलं होतं.

"ती नोटीस काढा."

"का काढू?"

"बाईंनी टाकलं नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"कारण मी टाकलं."

मला आधी नीट कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, पण ते या माणसाच्या तोंडून येतायत हे कळेना. मग कळलं आणि मी जे तोंड सोडलं ते सोडलं. पस्तीस वर्षांची ओळख, माझ्या लेकीला मांडीवर बसवून घड्याळ वाचायला शिकवलंत, आणि आज तिच्याच पाठीत सुरा खुपसलात? काय घोडं मारलं होतं तिने तुमचं? रस्त्यावरचे लोक थांबून आत बघायला लागले. काकांनी उठून दुकानाचं दार लोटलं, परत येऊन बसले आणि मला बोलू दिलं. माझा श्वास संपला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तिनेच मला टाकायला सांगितलं."

"कोणी?"

"गप्पूने."

मी स्टुलावर बसले. बसले म्हणजे स्टूल तिथे होतं म्हणून बरं.

"खोटं आहे," मी म्हटलं.

"मागच्या मंगळवारी दुपारी आली होती. हातातलं घड्याळ काढून दिलं, म्हणाली बंद पडलंय. चांगलं चालत होतं. मी तसं म्हटलं तर रडायला लागली. म्हणाली, काका, माझ्यासाठी एक कराल? काळं बटण टाकाल? मी म्हटलं, अगं, आईला सरळ सांग की तुला यायचं नाही. म्हणाली, 'सांगून बघितलं. आईला ऐकूच जात नाही.'"

"मला ऐकू येत नाही? मला?"

काकांनी भिंग उचललं आणि पुसायला घेतलं.

"आणि तुम्ही टाकलंत."

"तीन दिवस झोप लागली नाही. मग टाकलं. तुमचाच नियम होता ना, कोणी विचारणार नाही, कोणी सांगणार नाही. मला वाटलं, तुम्ही चार दिवस चिडाल आणि विसराल. पोरीची सुटका होईल. तुम्ही त्या बाईंच्या मागे लागाल हे माझ्या ध्यानात आलं नाही."

सुटका हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला. मुद्दाम लागेल असा वापरला नव्हता, म्हणूनच तो लागला. माझ्या मुलीला माझ्यापासून सुटका हवी होती, आणि त्यासाठी ती दीड तास प्रवास करून माझ्याच इमारतीत, माझ्या घराच्या चार मजले खाली येऊन, मला न भेटता परत गेली होती. मंगळवारी दुपारी मी घरातच होते. तिच्या खिडक्यांसाठी गज बघत होते, माहितीपत्रकात.

मी जाऊन फळ्याचं कुलूप उघडलं. नोटीस काढून घडी करत होते तेवढ्यात गणिताच्या बाई भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. मला पळून जावंसं वाटलं. पण अकरा वर्षांत कधी पळाले नव्हते.

"मी तुमच्यावर आळ घेतला," मी म्हटलं. "चुकलं माझं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "अध्यक्षबाई, तो प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले मी. उत्तर येत नसताना मुलं 'हो' कशी म्हणतात ते मला माहीत आहे."

म्हणजे यांनाही दिसलं होतं. एका प्रश्नात, एका उत्तरात परक्या बाईला दिसलं, आणि मी शेजारी बसून प्रश्न खोडून काढत होते. त्यांनी पिशवी उचलली आणि जिना चढून गेल्या.

वर आमचे हे पेपर वाचत होते. यांचं माझं चव्वेचाळीस वर्षांचं लग्न, त्यातली निम्मी वर्षं हे पेपरच्या मागे. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "ते काळं बटण गप्पूने टाकायला लावलं."

पेपर खाली आला. मला वाटलं, आता म्हणतील, काय? कसं शक्य आहे? हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. काकांच्या दुकानात बसायला स्टूल तरी होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिने मला विचारलं होतं, काय करू. मी म्हटलं, मला त्यात ओढू नकोस."

"मला सांगायचंत!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर माझ्यासमोर आलं. मी गप्पूला फोन करून म्हटलं असतं, वेडी आहेस का, सवय होईल. मी तोंड मिटलं.

तिला मी फोन केला. ये म्हटलं, आणि ती आली. माझं 'ये' आणि तिचं येणं यांच्यात कधी काही आलेलं नाही. संध्याकाळी साडेपाचला दारात उभी, कामावरच्याच कपड्यांत. नात आणि जावई बरोबर नव्हते. आत येऊन ती सोफ्याच्या टोकावर बसली.

"वाईट झालं ना आई," ती म्हणाली.

मी खरं तर सरळच बोलणार होते. पण मला खात्री करायची होती. मनातून वाटत होतं, काकांची काहीतरी गल्लत झाली असेल, यांचीही झाली असेल. म्हणून म्हटलं, "अजून एक मार्ग आहे. कमिटीने नाकारलेला अर्ज सर्वसाधारण सभेपुढे नेता येतो. उघड हात वर करायचे. चोवीसपैकी सोळा लागतात. मी महिन्याभरात गोळा करते. पहिल्या तारखेला तुम्ही खालच्या घरात."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सांगण्याची पद्धत म्हणून म्हणत नाही, खरोखर उडाला. ओठ पांढरे पडले. तिने सोफ्याची कड दोन्ही हातांनी धरली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आजन्म विसरणार नाही. माझी मुलगी मला घाबरत होती. चाळीस वर्षांची बाई, हाताखाली सहा माणसं, आणि ती मला घाबरत होती. शहाणपण, वळण, गुणी लेकरू म्हणून मी जे लोकांना सांगत आले ते हेच होतं का? सगळी वर्षं?

"नाही नेणार," मी घाईने म्हटलं. "अगं, नाही नेणार मी. मला कळलंय. काकांनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस, मी त्यांना दुसरा मार्गच ठेवला नव्हता."

तिचे हात सैल झाले. मग ती रडली. कालही ती रडलीच होती, पण काल ते रडणं कसलं होतं ते मला आज कळत होतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसायला उठले आणि पुन्हा खाली बसले. जावं की न जावं तेच ठरेना. पोटच्या पोरीच्या बाबतीत असं मला पहिल्यांदा झालं.

"मला सांगायचंस ना गं," मी म्हटलं. "एकदा तरी सांगायचंस. बाहेरच्या माणसाला सांगितलंस, बाबांना सांगितलंस, आणि मला नाही?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पडद्यांच्या दुकानात."

"काहीतरीच. मला आठवत नाही."

"मी म्हटलं, आई, मला तिथे राहायचं नाहीये. याच शब्दांत म्हटलं. दुकानात गिऱ्हाईक आपण दोघीच होतो. घरून ठरवून आले होते की आज बोलायचंच. बसमध्ये पाठ करत आले होते."

मी नाही म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात ते दुकान डोळ्यांपुढे आलं. लांब लाकडी काउंटर, त्यावर उलगडलेलं हिरवट कापड, मापाची दांडी हातात घेऊन थांबलेला दुकानदार. गप्पू माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिने माझ्या कोपराला हात लावला होता, आणि काहीतरी म्हणाली होती. दुकानदाराने ते ऐकलं होतं, कारण तो तिच्याकडे बघत होता आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं, काय करू असं.

मी त्याला म्हटलं होतं, "बारा मीटर. कापा."